पाठपोट लिहिलेला कागद

धाकट्या जावेचं कौतुक माझ्या कानांना कधीच सोसलं नाही. हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढचं सांगताना आडपडदा ठेवायला नको.

मी अमरावतीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्याशिवाय नऊ वर्षं शाळेच्या सुरक्षा समितीची प्रमुख आहे. हे पद कोणी मागून घेत नाही, ते कोणाच्या तरी गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात ते पडलं, कारण प्रयोगशाळेत स्पिरिटचे दिवे असतात आणि प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. पण पडलं ते मी मन लावून निभावलं. एक निळी बॉक्स फाइल केली. तिच्यात प्रत्येक मजल्याचा नकाशा, बाहेर पडायच्या वाटा, आग विझवायच्या लाल नळकांड्यांच्या तारखा, दवाखान्यांचे नंबर असं सगळं लावून ठेवलं. सगळ्यात जास्त अभिमान मला चार रकान्यांच्या तक्त्याचा होता. धोका, शक्यता, उपाय, जबाबदार व्यक्ती. आग, भूकंप, विजेचा धक्का, साप, मधमाश्या, चेंगराचेंगरी, असे चौदा धोके मी त्यात बसवले होते. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ती फाइल चाळून "वा!" म्हटलं होतं. त्या एका "वा"वर मी बरीच वर्षं काढली.

जाऊ मूळची नांदगाव खंडेश्वरची. लग्न होऊन आली आमच्या बाळापूरच्या घरात, पण धाकटे दीर अकोल्याला नोकरीला, म्हणून तिचा संसार अकोल्यात. तिचं लग्न भर मे महिन्यात होतं. मुहूर्त सकाळी अकराचा. आमचीच वरात, आमचाच डीजे, आणि नवरदेव मांडवापासून शंभर पावलांवर येऊन दीड तास तिथेच. पुढे पोट्टे नाचत होते, मागून कोणी कोणी पुन्हा पुन्हा तेच गाणं लावायला सांगत होतं. मांडवात नवरी सकाळपासून उपाशी, शालूत घामानं निथळत, तोंड पांढरंफटक. मी आत डोकावून आले आणि सरळ डीजेच्या जनरेटरपाशी जाऊन तो बंद केला. चुलतसासरे केवढ्यानं तरी ओरडले. मीही मागे हटले नाही. म्हटलं, "पोरगी चक्कर येऊन पडली तं अक्षता काय तुमच्या डोक्यावर टाकू?" दहा मिनिटांत लग्न लागलं. घरात हा किस्सा अजून निघतो, तो मला चिडवायला.

तेव्हा मला ही पोरगी आवडली होती. मुकाट, हसरी, वाकून पाया पडणारी. पुढे ती अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये हजेरी लिहायला लागली. एके वर्षी तिथे कापसाच्या गंजीला आग लागली. सगळे पाण्याच्या पाइपाकडे धावले, आणि ही हजेरीचं रजिस्टर घेऊन फाटकात उभी राहिली. बाहेर आलेली एकेक बाई रजिस्टरवर ताडून पाहिली. एक कमी भरली, तेव्हा हिनं माणसं आत पिटाळली. ती बाई गोदामामागच्या खोलीत तान्ह्याला पाजत बसलेली सापडली. मालकानं हिला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून जी निघाली ती थांबलीच नाही. आता तिला जिनिंगवाले बोलावतात, मंगल कार्यालयवाले बोलावतात, यात्रेच्या कमिट्या गाडी पाठवतात. कुठे किती माणसं मावतील, स्वयंपाकाच्या भट्ट्या कुठे मांडायच्या, गर्दी कुठून सोडायची, हे ती सांगते आणि लोक ऐकतात.

सासूबाईंनी तिच्या फोटोची पेपरातली कात्रणं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलीत. दिवाळीला आम्ही बाळापूरला जमलो की डबा निघतो. गेल्या खेपेला शेजारीण आली होती, तिला त्यांनी सांगितलं, "धाकटीनं लोकाईचे जीव वाचवले. मोठीची बी एक फाइल आहे म्हणते." शेजारीण माझ्याकडे बघून समजुतीनं हसली. मी उठून चहा ठेवायला गेले. गॅसच्या शेगडीची नळी जुनी झालेली दिसली, तरी मी कोणाला काही बोलले नाही. धाकटीच्या लक्षात येऊ दे, म्हटलं. आलंही. संध्याकाळपर्यंत नवी नळी बसली होती.

अशी मी.

दोन वर्षांपूर्वी शाळेत मॉकड्रिल ठरलं. आमच्याकडे मॉकड्रिल म्हणजे कार्यक्रमच. आदल्या दिवशी वर्गावर्गात सूचना फिरली की उद्या सकाळी दहा वाजता आग लागेल. दारात रांगोळी काढली. मुली वेण्या घालून, इस्त्रीचे गणवेश घालून आल्या. संस्थेचे अध्यक्ष दीपप्रज्वलन करणार होते, त्यांना यायला उशीर झाला, म्हणून आग पावणेबाराला लागली. जाऊ त्या दिवशी काही कामानं अमरावतीत होती. मुख्याध्यापिकांना ते कळलं आणि त्यांनी तिला आग्रहानं बोलावून घेतलं. ती शेवटच्या खुर्चीवर बसली.

घंटा झाली. मुली माझ्या नकाशाप्रमाणे रांगेनं निघाल्या. चार मिनिटांत मैदान भरलं. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, फारच शिस्तबद्ध. मी जावेकडे बघितलं. ती मैदानाकडे बघतच नव्हती. तिसऱ्या वर्गाच्या दाराशी उकिडवी बसून ती काहीतरी निरखत होती. मी गेले तशी म्हणाली, "ताई, पोट्ट्या वर्गाबाहेर चपला काढतेत ना वो? पाहा, दारातच थांबून आपापला जोड शोधून राहिल्या होत्या. मागच्याईले वाट नाही. खरी आग असती तं इथंच अडकल्या असत्या."

आमच्या शाळेत वर्गात चपला न्यायच्या नाहीत, हा नियम संस्थेइतकाच जुना. इतकी वर्षं मी त्या चपलांच्या ढिगावरून रोज ये-जा केली होती. मुख्याध्यापिका मागेच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून चपलांचे रॅक जिन्याखाली गेले. मला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. ते साधं वाक्य मला का सुचलं नाही, या विचारानं मी आठवडाभर नीट जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

मग संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला. तारीख ठरली मार्चच्या शेवटी. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी नऊला ऊन डोक्यात जातं, शाळाही सकाळच्या होतात. पण प्रमुख पाहुण्यांना दुसरी तारीख जमत नव्हती. मैदानावर दीड हजार मुली, पाहुण्यांसाठी मांडव, लेझीम, संचलन. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "मॅडम, आराखडा तुमचाच. फक्त एकदा तुमच्या जाऊबाईंच्या नजरेखालून घाला ना." मी हसून हो म्हटलं. त्या "फक्त एकदा"नं आत जे झालं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

जाऊ रविवारी सकाळच्या बसनं आली. डब्यात माझ्यासाठी तिळाची चटणी आणली होती. मी नकाशा पसरला, तिनं तो कौतुकानं पाहिला, "किती चांगला काढला वो ताई," म्हणाली, आणि मैदानावर गेली. महोत्सवाच्या तयारीसाठी शाळा रविवारीही उघडी होती, तिथे तासभर फिरली. शिपायाला विचारलं, सावली कुठून कुठे सरकते. पाणी भरणाऱ्या मावशींना विचारलं, कार्यक्रमात मुली पाणी प्यायला उठू शकतात का. मावशी म्हणाल्या, "नाही ना बाई, रांग मोडते म्हणून उठू देत नाहीत." मागचे दोन कार्यक्रम किती वाजता सुरू झाले, तेही तिनं विचारून घेतलं. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फुलस्केप कागदांवर लिहिलं आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. जाताना म्हणाली, "पहिला कागद तेवढा नीट वाचजा, ताई."

ती गेल्यावर वाचायला घेतला. वरच मोठ्या अक्षरात होतं: पहिला धोका, प्रमुख पाहुणे उशिरा येणे. शक्यता, जवळजवळ नक्की. परिणाम, मुली उन्हात, पाणी नाही, उठायची सोय नाही, आणि पाहुणे आल्याशिवाय कार्यक्रम सुरू करायची किंवा थांबवायची कोणाची हिंमत नाही.

मी कागद टेबलावर उपडा ठेवला. हे खरं होतं. इतकं खरं होतं की शाळेतल्या कोणत्याही शिपायानं सांगितलं असतं. माझ्या चौदा धोक्यांत भूकंप होता. आमच्याकडे भूकंप मी कधी पाहिला नाही, आणि वेळेवर आलेला पाहुणाही कधी पाहिला नाही. पण त्यातलं तक्त्यात बसवायचं काय, हे कळायला नांदगावची पोरगी लागली. तो कागद मी मुख्याध्यापिकांना दिला असता तर त्या पुन्हा माझ्याकडे तसंच बघणार होत्या, म्हणजे न बघितल्यासारखं.

मी स्वतःला समजावलं की हे असं लिहिलेलं अध्यक्षसाहेबांना आवडणार नाही, पाहुण्यांचा अपमान होईल. कारण बरं होतं, पण खरं नव्हतं. बाकीचे कागद टाइप केले, भट्ट्यांची जागा, वायरी, फाटकं, सगळं तिनं सांगितलेलं, आणि खाली माझं नाव घातलं. तो पहिला कागद शाळेत नेला आणि प्रयोगशाळेच्या कपाटात, लिटमसच्या खोक्याखाली सारून दिला.

कार्यक्रम साडेआठचा. सव्वाआठला मुली मैदानावर बसल्या, सतरंज्यांवर, उघड्यावर. लेझीमच्या मुली उभ्याच, नऊवारीत. मी दंडाला पट्टी बांधून, गळ्यात शिट्टी अडकवून मांडवाच्या कोपऱ्यात. जावेला आमंत्रण होतं, ती मागच्या रांगेत पालकांमध्ये बसली होती. नऊ वाजले. निवेदिकेनं सांगितलं, पाहुणे निघालेले आहेत. सव्वानऊला पुन्हा निघाले. अध्यक्षसाहेब फोन कानाला लावून येरझारा घालत होते आणि ज्याच्या त्याच्याकडे बघून हाताची दहा बोटं दाखवत होते. दहाच मिनिटं.

साडेनऊच्या आत आठवीतली एक मुलगी आडवी झाली. तिला उचलून सावलीत नेलं, साखर-मिठाचं पाणी दिलं. माझ्या तक्त्यात चक्कर येणे, उपाय एक, तसंच. मग लेझीममधली एक. मग आणखी एक. मैदानावरचा आवाज हळूहळू कमी होत गेला. दीड हजार मुली गप्प बसल्यात, यावर मांडवातले एक निमंत्रित म्हणाले, काय शिस्त आहे.

शिट्टी माझ्या गळ्यात होती. तीन वेळा वाजवली की मुली वर्गात जातात, हे मीच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. मला कोणी अडवलं नसतं, आणि अडवलं असतं तरी मी ऐकणारी नव्हे. मी वाजवली नाही. का नाही, तेही त्या क्षणी मला स्वच्छ माहीत होतं. वाजवली असती तर कपाटातला तो कागद खरा ठरला असता. मला वाटत होतं, पाहुणे आत्ता येतील. ते वेळेत आले तर ती चुकली, असं होईल. मुली उन्हात बसलेल्या असताना मी मनात त्या गाडीची वाट बघत होते, आणि ते मुलींसाठी नव्हतं.

जाऊ मागून वाट काढत माझ्यापर्यंत आली. "ताई, शिट्टी वाजवा ना. अर्धा तास कवाच झाला."

मी म्हटलं, "अध्यक्षांना विचारते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या घरात शिरून खोल्या निराळ्याच निघाव्यात तशी गोंधळली होती. "तुमी विचारता?" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात पाचवीच्या रांगेतून मुली किंचाळल्या. एक लहानगी उलटी करून कलंडली होती आणि तिचे हातपाय आखडत होते. जाऊ धावली. तिनं मुलीला उचललं, पदर ओला करून मानेला, काखेत लावला, कोणाच्या तरी गाडीत घातलं आणि स्वतः बरोबर गेली. तेव्हा कुठे मी शिट्टी वाजवली. तीनदा. दीड हजार मुली उठल्या, रांगेनं, न ढकलता, पाच मिनिटांत वर्गांत गेल्या. मैदान मोकळं झालं. पाहुणे पावणेअकराला आले, आणि रिकाम्या सतरंज्यांना त्यांनी नमस्कार केला.

ती लहानगी दोन दिवस दवाखान्यात होती. पहिल्या दिवशी डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली आणि माझे हात धरून म्हणाली, "मॅडम, तुमी शिट्टी वाजवली म्हून बाकीच्या वाचल्या." मी हात सोडवून घेऊ शकले नाही. जाऊ दोन्ही रात्री तिथेच राहिली, बाकावर. तिसऱ्या दिवशी मुलगी उठून बसली, तिनं आइस्क्रीम मागितलं, आणि जाऊ अकोल्याला गेली. जाताना पाया पडली, तशी ती नेहमीच पडते.

पुढच्या आठवड्यात सभा झाली. प्रसंगावधान दाखवून तातडीनं निर्णय घेतल्याबद्दल अध्यक्षसाहेबांच्या हस्ते माझा सत्कार. शाल, श्रीफळ. आराखडा किती बारकाईनं केलेला होता, यावर मुख्याध्यापिका बोलल्या. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. मी मान खाली घालून उभी राहिले, ते विनय म्हणून सगळ्यांना बरं दिसलं असेल.

शाल आणि नारळ ठेवायला प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. जागा करताना खोकं सरकलं आणि तो कागद खाली पडला, उपडा. तेव्हा मला दिसलं की तो पाठपोट लिहिलेला आहे. मी त्याची मागची बाजू कधी बघितलीच नव्हती.

तिच्या तिरप्या अक्षरात होतं: "उपाय. अर्धा तास झाला की मुलींना वर्गात पाठवायचे. कोणालाही विचारायचे नाही. अध्यक्ष, पाहुणे, मुख्याध्यापिका, कोणालाच नाही. यासाठी कोणालाही न भिणारे माणूस पाहिजे. जबाबदार व्यक्ती, ताई. हा धोका मी त्यांच्याकडूनच शिकले. माझ्या लग्नात जनरेटर त्यांनी बंद केला होता."

मी तिथेच स्टुलावर बसले. बाहेर मधली सुट्टी झाली होती, मुली जिन्याखाली चपला घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी तक्त्यात पहिल्या क्रमांकावर घातला, आणि लिहिणारीचं नाव तिचंच दिलं. शेवटच्या रकान्यात माझ्याऐवजी क्रीडाशिक्षिकेचं पद लिहिलं. मुख्याध्यापिकांनी सही करताना विचारलं, शिट्टी तुमच्याकडे का नको? मी म्हटलं, आता वय झालं.

जावेचे फोन येतात. ती शाळेचं विचारते, त्या मुलीचं विचारते, पण त्या अर्ध्या तासाबद्दल तिनं अजून विचारलेलं नाही. एकदा मात्र म्हणाली, "ताई, एवढ्या मोठ्या लोकाईसमोर कोणी बी भेते वो. मनाले लावून घेऊ नका." मी हं म्हटलं.

भ्याले असते, तर तिला तसं सांगून टाकलं असतं.